शेलीची होडी: लिव्होर्नो ते लेरिची, ८ जुलै १८२२

इंग्रजी कवितेच्या वर्गात शेली या कवीचा मृत्यू एका ओळीत उरकतो: इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात होडी बुडाली, वय २९. शिडाची होडी शिकणाऱ्याने मात्र या ओळीपाशी थांबावे. ती होडी कशी बांधली होती, तिच्यावर कोण होते, ती कधी निघाली, धक्क्यावरून कोणी काय पाहिले आणि तळातून वर काढल्यावर ती कशा अवस्थेत होती, हे सगळे लिहून ठेवलेले आहे. तीन माणसांच्या एका लहानशा होडीबद्दल, तेही दोनशे वर्षांपूर्वीच्या, इतका तपशील क्वचितच मिळतो. नवशिक्यांना डिंगीत, म्हणजे शिडाच्या छोट्या होडीत, बसवण्याआधी मी हे प्रकरण त्यांच्यापुढे मांडतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. होडीला वेग कसा द्यायचा हे शेली आणि त्याचा मित्र विल्यम्स शिकले होते. तिचा जोर कसा उतरवायचा याचा त्यांना सराव नव्हता. आणि तो उतरवण्याची संधी एकदा नाही, अनेकदा आली होती. काही संधी तर वादळाच्या कितीतरी आठवडे आधी.

साधनांबद्दल एक सावधगिरी सांगून ठेवतो. बराचसा तपशील एडवर्ड ट्रेलॉनी या मित्राकडून येतो. त्याने आठवणी १८५८ मध्ये छापल्या आणि तोच प्रसंग वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा सांगितला. त्यामुळे होडी बांधून घेणाऱ्या कॅप्टन डॅनियल रॉबर्ट्सची त्या काळची पत्रे आणि शेलीची पत्नी मेरी हिचे लिखाण जिथे त्याला दुजोरा देतात, तिथे मी जास्त विश्वास ठेवतो.

होडी

१८२२ च्या उन्हाळ्यात शेली आणि विल्यम्स यांची कुटुंबे ला स्पेझियाच्या आखातात, लेरिचीजवळच्या सान तेरेन्झो गावी, अगदी लाटांच्या काठावरच्या घरात राहत होती. होडी जेनोवात बांधली गेली आणि १२ मे रोजी लेरिचीला पोचली. लांबी सुमारे २४ फूट, डोलकाठ्या दोन, वर डेक नाही. आराखडा विल्यम्सच्या आवडीचा होता. विल्यम्स लहानपणी काही काळ ब्रिटिश नौदलात होता, पुढे हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत. ट्रेलॉनी लिहितो की रॉबर्ट्सने आणि बांधणाऱ्या कारागिराने त्या आराखड्यावर आक्षेप घेतला होता, पण विल्यम्स ऐकेना.

होडी पाण्यात नीट बसावी म्हणून तळात दोन टन लोखंडी नीरम, म्हणजे तोल राखणारे वजन, भरावे लागले, आणि एवढे करूनही वारा वाढला की ती पटकन कलायची. जेनोवाहून ती घेऊन आलेल्या दोन इंग्रज खलाशांनी मालकांना सांगितले की होडी पळते चांगली, पण तिला सांभाळायला दोन तरबेज माणसे हवीत. मालकांनी त्या दोघांना परत पाठवले आणि त्यांच्याबरोबर आलेला चार्ल्स व्हिव्हियन हा अठरा वर्षांचा मुलगा ठेवून घेतला.

जून महिन्यात तिच्यात फेरफार झाले. नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि मागच्या टोकाला जोड देऊन ती लांब दिसेल अशी केली, आणि डोलकाठ्यांच्या शेंड्यावर जादा शिडे चढवली. कवीमित्र बायरनची ‘बोलिव्हार’ ही मोठी, देखणी नौका शेजारी असताना आपलीही तशी दिसावी असे वाटणे माणसाला साहजिक आहे. पण होडीच्या दृष्टीने काय झाले ते पाहू.

शिडाची होडी सरळ राहते ती दोन कारणांनी. एक, तिची रुंदी. कललेली बाजू पाण्यात दबते आणि पाणी तिला वर लोटते. दुसरे, तळातले वजन, मग ते लोखंड असो वा वाऱ्याच्या बाजूला बाहेर झुकून बसलेली माणसे. तिला उलथू पाहणारी गोष्ट एकच: शिडावरचा वाऱ्याचा दाब, गुणिले त्या दाबाची पाण्यापासूनची उंची. म्हणून शेंड्यावरचे शीड आकाराने लहान असले तरी होडी कलवण्यात त्याचा वाटा मोठा असतो. हलक्या वाऱ्यात ते उपकारक आहे, कारण वर वारा थोडा अधिक असतो. पण डेक नसलेल्या, आधीच कलणाऱ्या होडीवर ते चढवणे म्हणजे आपल्या हातातला वेळ कमी करून घेणे.

लोखंडाबद्दलही नवशिक्याच्या मनात एक गैरसमज असतो की तळात वजन म्हणजे सुरक्षितता. पाणी बाहेर आहे तोवर ते खरे. होडीचा काठ एकदा पाण्याखाली गेला आणि पाणी आत आले की ते खालच्या बाजूला धावते, होडी आणखी कलते, आणखी पाणी घेते. भरलेली लाकडी होडी एरवी पृष्ठभागाशी तरंगत तरी राहते. दोन टन लोखंड तिला थेट तळाशी नेते. आजच्या शिकाऊ डिंगीत हवाबंद कप्पे असतात. ती उलटली, पाण्याने भरली तरी तरंगते. त्यामुळेच ‘होडी सोडू नका, तिला धरून राहा’ हा आजचा पहिला नियम शक्य होतो. शेलीच्या होडीत धरून राहायला काही उरले नसते.

आधीचे दोन इशारे

१८२१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे अपघाताच्या सव्वा वर्ष आधी, शेली, विल्यम्स आणि हेन्री रेव्हली हा तरुण इंजिनिअर लिव्होर्नोहून पिसाकडे कालव्यातून रात्री निघाले होते. होडी चिमुकली, सपाट तळाची. विल्यम्स मध्येच उभा राहिला, तोल सावरायला त्याने डोलकाठी धरली आणि होडी उलटली. शेलीला पोहता येत नव्हते. रेव्हलीने त्याला शांत राहायला सांगून काठावर ओढले. शेली खरोखरच विलक्षण शांत राहिला, घाबरून रेव्हलीला मिठी मारली नाही, म्हणून दोघे वाचले.

या प्रसंगातून एक कृती निघायला हवी होती: पोहणे शिकणे. ती निघाली नाही. ट्रेलॉनीने पुढे आर्नो नदीत शिकवायचा प्रयत्न केला, तेव्हा शेली तळाशी जाऊन निपचित पडून राहिला आणि त्याला बाहेर काढावे लागले. पाण्याची भीती नसणे हा गुण म्हणून त्याच्या चरित्रांत वाचायला मिळतो. मला तो प्रशिक्षणातला धोका वाटतो. घाबरणारा शिकाऊ निदान लाइफ जॅकेटचा पट्टा दोनदा तपासतो.

दुसरा इशारा १८२२ चा. ट्रेलॉनी त्यांच्याबरोबर फेरी मारायला गेला. शेली सुकाणूवर, हातात पुस्तक. विल्यम्सने नाळ वाऱ्याकडे घ्यायला सांगितले. शेलीने सुकाणू उलट्या दिशेला फिरवले. गोंधळ झाला, शिडाचा दोर अडकला, होडी कोणाचे ऐकेना, शेलीची टोपी पाण्यात गेली. ट्रेलॉनीने तेव्हा विल्यम्सला सुनावले की शेलीची पुस्तके आणि कागद पाण्यात टाकून त्याचे हात कोपरापर्यंत डांबराच्या बादलीत घातल्याशिवाय त्याला हे जमायचे नाही.

हसून सोडून देण्यासारखा हा प्रसंग नाही, कारण चुकलेली क्रिया नेमकी ती आहे जिच्यावर सगळे अवलंबून असते. वाऱ्याचा झोत आला की लहान होडीत करण्यासारख्या गोष्टी दोनच. शिडाचा दोर, ज्याला आपण शीट म्हणतो, तो सैल सोडणे. आणि नाळ वाऱ्याकडे वळवणे. दोन्हींचा परिणाम एकच. शीड फडफडू लागते, त्यातला दाब जातो, होडी सरळ होते. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, असलेल्या डिंगीत तो शिडाच्या बाजूला लोटला की नाळ वाऱ्याकडे वळते. कागदावर सोपे आहे. पण होडी कलू लागली की नवशिक्याचे शरीर उलटे वागते: तो आधारासाठी शीट घट्ट पकडतो आणि टिलर स्वतःकडे ओढतो. दोन्ही कृती होडीला आणखी कलवतात. ही सवय समजावून जात नाही, हलक्या वाऱ्यात पुन्हा पुन्हा करून जाते. शांत हवेत, मित्रांसोबत, दिवसाउजेडी जे हात चुकले, ते वादळात बरोबर चालतील अशी आशा धरणे चूक होते.

निघण्याचा दिवस

१ जुलैला दोघे लिव्होर्नोला गेले, इंग्लंडहून आलेल्या ली हंट या लेखक मित्राला भेटायला. अंतर समुद्रमार्गे साधारण ६५ ते ७० किलोमीटर. चांगल्या वाऱ्यात सात तासांच्या आसपास लागले. कामे लांबली, विल्यम्सला घरची ओढ लागली होती. ८ जुलै, सोमवार. दुपार कलली तेव्हा होडी बंदरातून निघाली.

हा हिशेब शिकाऊ मुलांकडून मी वहीत करून घेतो. दोन-तीनच्या सुमारास निघाले, सात तास धरले, तर वारा उत्तम मिळूनही घर रात्री नऊ-दहाला. म्हणजे वादळ आले नसते तरी शेवटचा टप्पा अंधारात. बोलिव्हारवरच्या जेनोवाच्या खलाशाने ट्रेलॉनीला हेच सांगितले: पहाटे तीन-चारला निघायला हवे होते. आपल्या कोकणातल्या शिडाच्या होड्यांची जुनी रीतही याहून वेगळी नव्हती. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी. किनाऱ्याचा वारा दिवसात दोनदा फिरतो आणि उन्हाळ्यातली गडगडाटी वादळे बहुधा दुपारनंतर उठतात. लहान होडीला सकाळ द्यावी, दुपार देऊ नये.

त्याच खलाशाने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. डेक नसलेल्या आणि खरा खलाशी नसलेल्या होडीवर ते शेंड्याचे शीड मूर्खपणाचे आहे. आणि नैर्ऋत्येकडे पाहा, आभाळातून काळ्या चिंध्या लोंबताहेत, पाण्यावर धूर दिसतो आहे. हवामान खात्याच्या अंदाजाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी ओळखलेले हे चिन्ह आजही तितकेच खरे आहे. उंच काळ्या ढगाचा खालचा काठ फाटलेला दिसला आणि त्याखाली पाण्याचा रंग बदललेला दिसला, तर तिथे वारा आधीच पोचलेला असतो. मोबाईलवरचा अंदाज जिल्ह्याचा असतो. ढग तुमच्या डोक्यावरचा असतो.

बोलिव्हार सोबत जाणार होती. पण बंदराची परवानगीची कागदपत्रे नव्हती, अधिकाऱ्यांनी क्वारंटाइनची धमकी दिली, आणि ट्रेलॉनीला नांगर टाकून राहावे लागले. सोबतची मोठी नौका रद्द झाली. बेत मात्र रद्द झाला नाही. मला संपूर्ण प्रकरणात हा क्षण सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या आधारावर निर्णय घेतला होता तो आधार निघून गेला की निर्णय नव्याने घ्यायचा असतो. तेव्हा होडी अजून बंदराजवळ होती, परतणे फुकट होते.

आणि किनाऱ्यावर कोणाला काय ठाऊक होते? सान तेरेन्झोला वाट पाहणाऱ्या मेरी शेली आणि जेन विल्यम्स यांना होडी सोमवारी निघाल्याचे कळलेच नव्हते. हवा खराब म्हणून थांबले असतील, असे त्यांनी मानले. शुक्रवारी, १२ तारखेला, हंटचे पत्र आले: सोमवारच्या वादळी हवेत तुम्ही घरी कसे पोचलात ते कळवा. चार दिवस घरून कोणी शोधायला निघाले नाही, कारण निघण्याची आणि पोचण्याची वेळ दोन्ही टोकांना माहीत असलेला माणूसच नव्हता. आज एका फोनवर हे काम होते, तरी जलाशयावर सुट्टीच्या दिवशी येणारे कितीतरी लोक ते करत नाहीत.

वीस मिनिटे

रॉबर्ट्स धक्क्याच्या टोकावर होता, मग दुर्बीण घेऊन मनोऱ्यावर चढला. किनाऱ्यावरच्या व्हियारेज्जो गावासमोर, सुमारे दहा मैल बाहेर, त्याला होडी दिसली. शेंड्याची शिडे उतरवली जात होती. नंतर धुक्यात ती नाहीशी झाली. ट्रेलॉनीच्या सांगण्यानुसार साडेसहाच्या सुमारास वादळ फुटले आणि वीस मिनिटांहून जास्त टिकले नाही. त्या वेळी मासेमारीच्या आणि किनारी व्यापाराच्या नौका एकही शीड न ठेवता, उघड्या डोलकाठ्यांनी बंदरात घुसत होत्या.

ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. स्थानिक नावाड्यांनी वारा पोचण्याआधी सगळे शीड उतरवले होते. शेलीच्या होडीवर ते काम तेव्हा सुरू झाले होते. क्रम बरोबर होता, वरचे शीड आधी उतरवायचे हेच शास्त्र. वेळ चुकली होती. कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा ८ नॉटवरून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) १६ वर गेला तर दाब चौपट. २४ वर गेला तर नऊपट. झोत येताना हा बदल अर्ध्या मिनिटात होऊ शकतो. शीड बांधून आखूड करायला, म्हणजे रीफ घ्यायला, सरावलेल्या माणसांनाही काही मिनिटे लागतात, आणि त्या काळात कोणीतरी सुकाणू नीट धरून नाळ वाऱ्याकडे ठेवावी लागते. होडीवर तिघे होते: एक नौदल लहानपणीच सोडलेला, एक सुकाणू उलटे फिरवणारा, एक अठरा वर्षांचा मुलगा. शिडे अनेक, दोर अनेक.

नकाशा पाहिला तर आणखी एक अडचण दिसते. घर वायव्य-उत्तरेला, वादळ नैर्ऋत्येकडून, किनारा उजवीकडे. नाळ वाऱ्याकडे वळवणे म्हणजे घराकडे पाठ फिरवून थेट त्या काळ्या ढगाकडे, खुल्या समुद्राकडे तोंड करणे. सुरक्षित दिशा तीच होती: शिडातला दाब गेला असता, लाटा बाजूऐवजी नाळेवर आल्या असत्या, किनारा दूर राहिला असता. पण घाबरलेल्या माणसाला ती सुचत नाही. म्हणून ती आधी शिकवावी लागते, उन्हात, गंमत म्हणून, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर.

एका इटालियन नौकेने त्यांना वर घ्यायची तयारी दाखवली, निदान शिडे तरी कमी करा असे ओरडून सांगितले आणि होडीवरून नकार आला, अशीही हकिकत आहे. ती ऐकीव आहे, मी तिच्यावर काही उभारत नाही.

तळातून काय वर आले

आधी किनाऱ्याला लागले ते होडीचे सपाट तळाचे छोटे पडाव, पाण्याचे पिंप आणि बाटल्या. शेली आणि विल्यम्स यांचे मृतदेह दहा दिवसांच्या सुमारास मिळाले. विल्यम्सला पोहता येत होते. त्याचा सदरा डोक्यावरून अर्धा ओढलेला होता, म्हणजे कपडे काढून पोहण्याची तयारी तो करत असावा. त्या एका तपशिलाने मी नेहमी अस्वस्थ होतो. पोहता येणारा माणूस पाण्यात पडल्यावर तयारी करत होता. जॅकेट निघतानाच अंगावर, पट्टे लावून असायला हवे, पायाखाली ठेवलेले नाही, हे याहून स्पष्ट कोणी सांगू शकणार नाही. १८२२ मध्ये अशी जॅकेटे सर्रास मिळत नव्हती, आज मिळतात.

सप्टेंबरमध्ये रॉबर्ट्सने होडी तळातून वर काढली. सगळे सामान जागच्या जागी पाहून त्याने प्रथम लिहिले की ती उलटली नसावी, मोठ्या लाटेने भरून बुडाली असावी. मग नीट पाहता दोन्ही डोलकाठ्या मोडलेल्या, नाळेपुढचा दांडा तुटलेला आणि काठ आत चेपलेला आढळला. तेव्हापासून कोणीतरी तिला धडक दिली असावी असा तर्क सुरू झाला, लुटारूंच्या कथाही जोडल्या गेल्या. धडक झाली असेलही. वादळात बंदराकडे धावणाऱ्या नौकांच्या वाटेत, धुक्यात, एक हाताबाहेर गेलेली होडी सापडणे अशक्य नाही. तरी होडीच्या गुणावगुणांबद्दल एक स्वतंत्र पुरावा आहे. रॉबर्ट्सने ती स्वतःकडे ठेवून तिच्यावर डेक घातला. मेरी शेलीने पुढे लिहिले आहे की तरीही ती समुद्राला लायक ठरली नाही आणि आयोनियन बेटांपैकी एकावर आपटून फुटली.

तिसरा माणूस

या प्रकरणावर लिहिणारे शेलीबद्दल पानेच्या पाने लिहितात, विल्यम्सबद्दल परिच्छेद. चार्ल्स व्हिव्हियनला एक वाक्य मिळते. जेनोवाहून दोन अनुभवी खलाशांसोबत ही होडी आणताना ती कशी वागते हे तिघांपैकी त्यानेच पाहिले होते. पण तो नोकर मुलगा होता. दोन साहेबांना ‘परत फिरा’ म्हणण्याचा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता.

आपल्याकडेही वयाचा आणि मानाचा दबाव पाण्यावर सोबत येतो. काका टिलरवर बसले की पुतण्या गप्प बसतो, साहेबांपुढे नवा मुलगा बोलत नाही. म्हणून मी शिकवतो तिथे पहिल्याच दिवशी ठरवून घेतो: होडीतल्या कोणीही, सगळ्यात लहानानेसुद्धा, ‘सोड’ म्हटले की शीट लगेच सुटते, का म्हटलेस हे नंतर विचारायचे. एखादे वेळी ते ‘सोड’ विनाकारण निघते, होडी दोन मिनिटे फडफडत उभी राहते. त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

मग सराव. हलका वारा, किनारा जवळ, जॅकेट अंगात. शीट सोड, नाळ वाऱ्याकडे घे, शीड खाली घे, पुन्हा चढव. त्यानंतर मुद्दाम होडी उलटवायची, सेंटरबोर्डवर, म्हणजे तळातून खाली येणाऱ्या फळीवर, चढून ती सरळ करायची, माणसे मोजायची. हे सगळे न बघता, न आठवता हातांतून व्हायला लागेपर्यंत लांबच्या बोयाकडे, म्हणजे पाण्यावरच्या तरंगत्या खुणेकडे, मी कोणाला पाठवत नाही, त्याला वाऱ्याचे कितीही कळत असो.